गाडीची खोड

१० मे २००९

काल बुद्ध पौर्णिमा झाली आणि आज दारात गाडी आली. पांढरी व्हॅन. जुनीच आहे, पण विकणाऱ्या श्यामलाल शेठनं अशी धुऊन-पुसून दिली की मोहल्ल्यातल्या बायांना नवीन वाटली. मीही जुनी आहे म्हणून सांगत बसले नाही.

अंगणवाडीची रजिस्टरं भरून हात दुखतो, तरी आज ही वही काढली. नवीन काम सुरू होतंय, लिहून ठेवावं म्हटलं. गाडी माझ्या नावावर आहे, कारण बचत गटाचं कर्ज माझ्या नावावर निघालं. चालवणार माझा नवरा, राजदीप. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्याची जीप चालवली. आता शाळा उघडली की नवेगाव बांधची पोरं अर्जुनीच्या इंग्रजी शाळेत तो नेणार नि आणणार. आमची खुशबूही त्याच गाडीत.

गोंदियाला गाडी घ्यायला मामाजीही आले होते, म्हणजे माझे सासरे. उमर बैलबाजारात गेली त्यांची. श्यामलालच्या दुकानात त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, चाकाला लाथ मारली, दार उघडून आत असं वाकून पाहिलं की मला वाटलं आता दात मोजतात. मग म्हणाले, "शेठ, पाठीवर हात ठेव अना खोड सांग."

बैलबाजारात तशी रीतच आहे म्हणे. विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगायची. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. सांगून विकला तर घेणाऱ्याचं नशीब. लपवून विकला तर पुढच्या बाजारी बैल वापस, आणि भांडण करायचं नाही. श्यामलालचा बाप बिसराम बैलांचाच दलाल होता, मामाजी त्याला चांगले ओळखायचे. श्यामलाल हसला, गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाला, "कोई खोड नहीं काका. बच्चे लोग बैठेंगे, मैं झूठ बोलूँगा क्या?" पावतीवर पण लिहून दिलं, गाडी सर्व बाबतीत ठीक व चालू स्थितीत.

राजदीप तर काय, लग्नातही इतका हसला नव्हता.

२ जुलै

शाळा सुरू झाली. गाडीत पोट्टे कोंबड्यांसारखे बसतात आणि तितकेच ओरडतात. सगळ्यात ओरडा केशोरावांच्या हिमांशूचा. केशोरावांचं बसस्टँडजवळ किराणा दुकान आहे. हिमांशू त्यांचा एकुलता एक आहे, म्हणून तो राजदीपच्या बाजूची सीट सोडत नाही. राजदीप संध्याकाळी गाडी पुसतो तेव्हा गाणं म्हणतो. सूर नाही, पण म्हणतो.

एक गोष्ट मात्र त्याला खटकून राहिली. ब्रेक कधी कधी आत जाते म्हणतो, दोनदा दाबावी लागते.

९ जुलै

गोंदियाला जाऊन आलो. श्यामलालनं त्याच्या माणसाकडून ब्रेकचं तेल टाकून दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी, गाड़ी ठीक है. मिस्टर को ट्रैक्टर की आदत है, पैर भारी है." मला हसू आलं. येताना गाडीत बसलो तेव्हा राजदीपला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, "तुले खरं वाटलं का?" मी म्हटलं, मजाक केली त्यानं. पण तसा राजदीपचा पाय भारी आहेच. जीप चालवायचा तेव्हा माझं डोकं टपाला लागायचं.

२० ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही.

सकाळी शाळेत जाताना गाडी उतारावर थांबली नाही. समोर बैलगाडी होती. राजदीपनं गाडी रस्त्याखाली, धानाच्या बांधीत घातली. चिखल होता म्हणून उलटली नाही. पोरं रडली, चिखलानं माखली, पण वाचली. हिमांशूचा हात मोडला. खुशबूच्या ओठाला लागलं.

दवाखान्यात सगळे आईबाप जमले होते आणि सगळे राजदीपकडे पाहून राहिले होते. तो एकच गोष्ट सारखी सांगत होता, "ब्रेक लागलीच नाही. पाय टाकला तं आतच गेला." केशोराव म्हणाले, "हो, आता ब्रेकचंच नाव घेशील." हिमांशूची आई शामकला माझ्याकडे बघून रडली, म्हणाली, "रंजिता, तुया भरवशावर बसवलं होतं नं मी." मी पाय धरायला वाकले तर ती मागे सरली.

खुशबूला विचारलं, बाबा काय करत होते? म्हणाली, "बाबा गाडी चालवत होते." अजून काय सांगेल ते लेकरू.

२५ ऑगस्ट

गाडीत आता कोणाचं पोरगं बसणार नाही. तसं कोणी तोंडावर बोललं नाही, पण बसस्टँडवर दुसरी गाडी लागते आणि सगळे तिच्यात चढतात. खुशबूला मीच बसनं पाठवते.

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच गोठ, की राजदीप मोबाइलवर बोलत होता. कोणी पाहिलं? कोणीच नाही. पण सगळे सांगून राहिले. मी पाणी भरायला गेले तर बाया एकदम चूप झाल्या. राग आला मला, असा राग आला की हंडा तिथंच आपटावा. आणि घरी येताना वाटेत मलाच वाटून गेलं, बोलत असेल तर?

२७ ऑगस्ट

तो अंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन पाहिला. त्या सकाळचा एकही कॉल नाही. मन हलकं झालं. पण मग वाटलं, कॉल मिटवता पण येतो.

फोन होता तसाच खाटेवर ठेवला, बहुतेक उलटा राहिला. राजदीपनं आल्यावर तो सुलटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि खिशात घातला. त्याच्या लक्षात आलं नसावं.

५ सप्टेंबर

गाडी अर्जुनीच्या मिस्त्रीकडे उभी आहे. मिस्त्रीनं खाली घुसून पाहिलं आणि सांगितलं, ब्रेकचा पाइप मधे तुटलेला होता, तिथं जोड दिलेला आहे. जोड उघडला, तेल गळलं. लिहून दे म्हटलं तर हात जोडले. "ताई, मायं पोट याच शेठ लोकायवर हाये."

आरटीओचे साहेब येऊन पाहून गेले. त्यांचा कागद असा की ब्रेकमध्ये तेल नव्हतं आणि पाइपचा जोड निघालेला होता. पण तो आधी निघाला की गाडी बांधीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आदळून निघाला, हे सांगता येत नाही. झालं, म्हणजे कोणाला काहीच कळलं नाही. राजदीपला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी सांगून राहिलो नं, आधी निघाला." मी म्हटलं, साहेबांना सांगता येत नाही तर तुला कसं सांगता येते? तो उठून बाहेर गेला. अलीकडे लगेच चिडतो.

१२ ऑक्टोबर

श्यामलाल गाडी वापस घ्यायला तयार नाही. तिसऱ्यांदा गेले मी. पहिल्या वेळी चहा दिला, दुसऱ्या वेळी पाणी, आज बसा पण म्हटलं नाही. "पुरानी गाड़ी है भाभी, दुकान से निकली तो हमारी ज़िम्मेदारी ख़त्म. ड्राइवर की गलती का मैं क्या करूँ?" मामाजी सोबत होते. म्हणाले, "खोड लपवलेला बैल वापस घेत असतेत शेठ." तो म्हणाला, "काका, ये बैल नहीं है."

तिथून तशीच कचेरीच्या गल्लीत गेले आणि विचारत विचारत पुष्पांजली मॅडमना गाठलं. वकीलबाई आहेत, ग्राहकांच्या केसेस घेतात. त्यांनी पावती पाहिली, आरटीओचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, जुनी गाडी असली म्हणून काय झालं? दुकान थाटून विकतो तो, दोष माहीत असताना लपवला तर त्याला द्यावंच लागतं. पण त्याला माहीत होतं हे दाखवायला हवं. मी म्हटलं, ते कसं दाखवायचं? म्हणाल्या, तेच तर अवघड आहे.

घरी येऊन राजदीपला सगळं सांगितलं. त्याला काही उत्साह नाही. सौंदडच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जायचं ठरवलं आहे त्यानं. म्हटलं, ड्रायव्हरकी सोडतोस का? म्हणाला, "कोण देईन मले गाडी?"

१८ नोव्हेंबर

ग्राहक मंचात तक्रार टाकली. राजदीपचं शपथपत्र लागलं. मीच बसून लिहिलं, मॅडमनी दुरुस्त केलं. सही करताना त्यानं मला विचारलं, "तू वाचलं का हे?"

"मीच तं लिहिलं."

"मंग खरं हाये का ते?"

मी म्हटलं, मॅडम सांगतात तसं लिहावं लागते, कोर्टाची भाषा असते ती. त्यानं सही केली. कसले तरी प्रश्न विचारत बसतो.

हल्ली मिलला जाताना मोबाइल घरीच विसरून जातो. रोजच. इतका विसराळू कधी नव्हता.

२२ फेब्रुवारी २०१०

श्यामलालचं उत्तर आलं. पहिलं म्हणणं, गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून मी ग्राहकच नाही. दुसरं, गाडीत काहीही दोष नव्हता. तिसरं, चालक बेपर्वा होता व मोबाइलवर बोलत होता असं गावातले लोक सांगतात. केशोरावांचं शपथपत्र जोडलं आहे.

पहिल्यावर मॅडम हसल्या. स्वतः गाडी चालवून घर चालवणारा माणूस ग्राहकच धरतात म्हणे. तिसरं वाचताना माझे कान तापले. केशोराव तिथं नव्हते, त्यांनी काही पाहिलं नाही, पण माणूस वाईट नाही तो. पोराचा हात मोडला तर बाप बोलणारच. मॅडमनी मला सरळ विचारलं, "मोबाइलवर होते का ते?" मी म्हटलं, नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, मंचासमोर असं सांगू नका. जोरात सांगा."

३ जून

काल संध्याकाळी राजदीपला पुन्हा विचारलं. खूप दिवसांत विचारलं नव्हतं. म्हटलं, हे बघ, काही असेल तर आताच सांग, मी तुझ्याच बाजूनं आहे, पण तिथं उघडं पडलं तर नाक कापलं जाईल. तो धान्याच्या धुळीनं पांढरा झालेला होता. हातपाय धुवायचं थांबला आणि म्हणाला, "किती वेळा सांगू रंजी? पाय टाकला, तं आतच गेला." इतकंच बोलला. मग खुशबूला घेऊन तलावाकडे गेला.

माझं तरी काय चुकलं? केस मी लढून राहिले, गोंदियाच्या चकरा मी मारून राहिले, गटातल्या बायांची बोलणी मी खाऊन राहिले. कोणासाठी? त्यानं एकदा तरी विचारावं, केसचं काय झालं म्हणून. एकदाही विचारत नाही.

१४ सप्टेंबर

आज सगळं मातीत गेलं. लिहितानाही मामाजींचा राग येतो.

मंचात युक्तिवाद होता. मॅडमनी बजावलं होतं, मागं चूपचाप बसायचं. राजदीप मिलचा खाडा नको म्हणून आला नाही. मामाजी आले, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. श्यामलालच्या वकिलानं तेच पाढे वाचले, गाडी निर्दोष होती, कुठलाही दोष नव्हता, विक्रेत्याला काहीही माहीत असण्याचा प्रश्नच नाही. मामाजी आता कानानं कमी, त्यांना अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. पण निर्दोष हा शब्द त्यांनी धरला आणि उभे झाले.

"बिसरामच्या पोरा!" म्हणाले. अख्खी खोली फिरून पाहायला लागली. "तुया बापानं खोड लपवून कधी बैल नाही विकला. सगळ्या बाजाराले मालूम हाये. अना तू लेकरायच्या गाडीवर हात ठेवून खोटं बोलला! बापाचं नाव बुडवलं तू."

अध्यक्ष साहेब बसा बसा म्हणत होते. पण श्यामलालच्या नाकाला मिरची झोंबली. तोही उठला, लालेलाल. "बाप का नाम मत लो काका! हमारे घर में खोड छुपा के आज तक कुछ नहीं बिका. बोला था मैंने! ब्रेक का पाइप जोड़ा हुआ है, उसी दिन बोला था! तुमको सुनाई नहीं देता तो मैं क्या करूँ?"

त्याचा वकील त्याची बाही ओढून राहिला होता. अध्यक्ष साहेब त्याला म्हणाले, पुन्हा सांगा, काय सांगितलं होतं तुम्ही? आणि बाजूच्या बाबूला लिहून घ्यायला लावलं. श्यामलालनं पुन्हा सांगितलं, आणखी छाती फुगवून. आमच्या मॅडम भराभर लिहीत होत्या आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं. माझं तर रक्त खवळलं. आमचं घर बुडून राहिलं आणि या हसतात!

आता काय राहिलं? श्यामलाल म्हणेल खोड सांगून विकली. सांगून विकली म्हणजे घेणाऱ्याचं नशीब, मामाजींचीच रीत. मी तिथं होते, त्यानं काही एक सांगितलं नव्हतं, पण आता म्हाताऱ्याच्या कानाचं निमित्त झालं. बसमध्ये कोहमारा येईपर्यंत मी मामाजींना नाही नाही ते बोलले. कायले उठले तुम्ही? कोणी सांगितलं होतं? ते खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "माया कानानं खरंच ऐकलं नसन का पोरी?"

१६ सप्टेंबर

मॅडमचा फोन आला होता, चिंता करू नका म्हणाल्या. वकील असंच म्हणतात. मी हो हो म्हटलं.

मामाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. राजदीपनं त्यांच्याजवळ बसून सगळं विचारून घेतलं, श्यामलाल काय म्हणाला, कसा म्हणाला. मला एका शब्दानं विचारलं नाही. पण आज मिलला जाताना गाणं गुणगुणत होता, सूर नाही तो नाहीच. बापाची फजिती झाली आणि याला गाणं सुचते.

२१ जानेवारी २०११

निकाल लागला. आम्ही जिंकलो.

मॅडमच्या टेबलाजवळ उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं. श्यामलालनं गाडी वापस घ्यायची, सगळे पैसे व्याजासकट द्यायचे, वरून त्रासाची भरपाई. पैशाचं वाचून जीव थाऱ्यावर आला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या वरचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. विरुद्ध पक्षानं मंचासमोर स्वतः कबूल केलं की ब्रेकचा पाइप जोडलेला असल्याचं त्याला विक्रीच्या वेळी माहीत होतं. लेखी उत्तरात मात्र दोषच नव्हता असं म्हटलं, आणि पावतीवर गाडी ठीक लिहिली. तेव्हा त्यानं दोष सांगितला होता हे म्हणणं मानता येत नाही. ब्रेक निकामी होऊनच अपघात झाला. चालकाच्या निष्काळजीपणाचा कोणताही पुरावा नाही.

मी मॅडमना म्हटलं, म्हणजे त्या दिवशी मामाजी ओरडले म्हणून? त्या म्हणाल्या, "तुम्हाला मी फोनवर सांगितलं होतं की. तुम्ही ऐकलंच नाही." घरी येऊन आधी मामाजींचे पाय धरले. त्यांना वाटलं मी हरून आले. मग समजलं तेव्हा म्हणाले, "बिसरामचा पोरगा शेवटी बापाचाच निघाला. खोड लपवली हे लोकायनं म्हणलेलं त्याले खपलं नाही." त्यांना श्यामलालची दयाच आली बहुतेक.

राजदीप मिलमधून आला. हातपाय धुतले. मी कागद घेऊनच उभी होते, सगळं वाचून दाखवलं, निष्काळजीपणाचं तर दोनदा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. कागद हातात घेतला नाही. पाटावर बसला, मी ताट वाढलं. मला वाटलं होतं तो हसेल, रडेल, मामाजींना मिठी मारेल, काहीतरी करेल. तो वरणात भात कालवत म्हणाला, "मंग आता तुले पटलं?"

मी म्हटलं, काय पटलं?

"का ब्रेक नव्हती लागली म्हणून."

मी म्हटलं, हो.

"कधीपासून?"

मला सुचलं होतं म्हणायचं, पहिल्यापासूनच, वेडा आहेस का. ओठावर आलं होतं. पण तो जेवायचं थांबून माझ्याकडे पाहत होता, आणि माझ्यानं ते बोलणंच होईना. मी म्हटलं, "आजपासून."

त्यानं मान हलवली. घास खाल्ला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "मले वाटलं, खोटं बोलशील." आणि भातासाठी ताट पुढे केलं.